थोरल्या कुत्र्याच्या घरी नवे पिल्लू

बेळगाव, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात गावठाण सोडून शेतावर वस्ती करून राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मळ्यात घर, घराला लागून गोठा, समोर खळे आणि चोहोबाजूंनी ऊस किंवा तंबाखू असे या वस्त्यांचे स्वरूप असते. अशा ठिकाणी कुत्रा ही हौसेची नव्हे, तर गरजेची बाब आहे. उसाच्या फडातून बाहेर पडणारे रानडुक्कर, शेळ्या-कोंबड्यांच्या वासाने येणारा कोल्हा, अपरात्री विहिरीवरील पंपापाशी घुटमळणारा परका माणूस, या सर्वांची पहिली वर्दी घरधन्याला कुत्राच देतो. मेंढपाळांच्या बाबतीत तर त्याचे महत्त्व अधिकच आहे. रात्री वाघुरीत कोंडलेल्या मेंढरांची राखण माणसाच्या डोळ्यांपेक्षा कुत्र्याच्या नाकाकानांवर अधिक अवलंबून असते. बेळगाव जिल्ह्यातील मंगसुळीच्या खंडोबाला जाणाऱ्या भाविकांना देवाजवळचा कुत्रा परिचयाचा आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री दाखविण्याची परंपराही सर्वांना ठाऊक आहे.

परंतु कुत्र्याचे आयुष्य माणसाच्या मानाने अल्प असते. साधारणपणे सातआठ वर्षांनंतर त्याला वार्धक्याची लक्षणे दिसू लागतात. कान मंदावतात, दात झिजतात, पावसाळी हवेत मागचे पाय धरतात. मग घरधनी नवे पिल्लू आणण्याचा विचार करू लागतो. हा विचार योग्यच आहे. मात्र तो अमलात आणताना बहुधा घाई होते. पिल्लू पोत्यात घालून आणावयाचे, अंगणात सोडावयाचे आणि जुना कुत्रा काय करतो ते पाहत उभे राहावयाचे, अशी सर्वसाधारण पद्धत दिसते. याचे परिणाम अनेकदा वाईट होतात. पिल्लू जबर जखमी होते किंवा जुन्या कुत्र्याला कायमचे बांधून ठेवावे लागते. कधी पिल्लाबरोबर एखादा रोग घरात येतो. आणि कधी तर ‘आता याचा काय उपयोग’ म्हणून इमानाने राखण केलेल्या जुन्या कुत्र्यालाच दूर नेऊन सोडले जाते.

वास्तविक जुन्या कुत्र्यासारखा दुसरा शिक्षक पिल्लाला मिळणे कठीण. हद्द कोठवर, घरची माणसे कोण, कोणावर भुंकावयाचे आणि कोणावर नाही, हे सर्व पिल्लू त्याच्या मागे फिरून शिकते. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे दोघांचे आरोग्य, आणि दुसरी म्हणजे थोरल्याचा मान. या दोन गोष्टी कशा सांभाळाव्यात याचा विचार येथे केला आहे.

जुना कुत्रा विरोध का करतो?

कुत्रा हा कळपात राहणारा व स्वतःची हद्द मानणारा प्राणी आहे. घर, अंगण, गोठा, खाण्याचे भांडे, निजण्याची जागा आणि घरातील माणसांचा सहवास या सर्वांवर तो आपला हक्क समजतो. अनोळखी प्राण्याला हद्दीत येऊ न देणे हेच तर त्याला आपण शिकविलेले असते. तेव्हा अचानक पुढे आणून ठेवलेल्या पिल्लावर तो गुरगुरला, तर तो दुष्ट झाला असे नव्हे. तो आपले काम करीत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण शारीरिक असते. पिल्लू सारखे अंगावर चढते, कान ओढते, शेपटी चावते. तरुण कुत्रा हे सहन करतो. ज्याचे सांधे दुखतात किंवा ज्याच्या हिरड्या सुजल्या आहेत, तो एका मर्यादेनंतर चावा घेतो. ज्याला कमी ऐकू येते वा कमी दिसते, तो झोपेत पिल्लाचा धक्का लागताच दचकून झडप घालतो. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी जुन्या कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दात, कान, डोळे व सांधे तपासून घ्यावेत. दुखण्यावर उपचार झाला की त्याचा स्वभावही निवळतो, असा अनुभव येतो. माणसाच्या तापाच्या वा अंगदुखीच्या गोळ्या मात्र कुत्र्याला देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याला विषासमान ठरतात.

पिल्लू केव्हा व कोणते आणावे?

पिल्लू आईपासून फार लवकर तोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. डोळे उघडून महिना झाला नाही तोच पिल्ले उचलून नेली जातात. अशा पिल्लाला आईचे दूध पुरेसे मिळत नाही आणि कुत्र्यांमध्ये वागण्याची रीतही कळत नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे कळवळते व खेळ थांबवते, आगाऊपणा केला की आई दटावते. यातूनच पिल्लू दातांचा जोर आवरावयास शिकते. हे शिक्षण न झालेले पिल्लू थोरल्या कुत्र्याचा इशारा ओळखत नाही आणि मार खाते.

अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या स्वभावावर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या जडणघडणीत निर्णायक असतो, असे त्यांनी दाखवून दिले. या काळात ज्या माणसांचा, प्राण्यांचा व आवाजांचा परिचय होतो, त्यांना ते पुढे आपले मानते. म्हणून आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, पण तीन महिने उलटण्यापूर्वी, पिल्लू नव्या घरी येणे उत्तम. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनीही मनाई केली आहे.

नर की मादी, हाही विचार करावा. दोन नर किंवा दोन माद्या यांच्यात पुढे वर्चस्वासाठी तंटे होण्याचा संभव अधिक असतो. नर व मादी यांचे सहसा जुळते. तथापि पिल्लू वयात आल्यावर नको असलेली वीण वाढते. मादी साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष या वयात पहिल्यांदा माजावर येते. त्यापूर्वी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेणे हिताचे.

या भागात मुधोळ जातीच्या पिल्लांची आवड वाढत आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे या जातीचे गाव. तेथील संस्थानिक घोरपडे घराण्याने, विशेषतः राजे मालोजीराव घोरपडे यांनी, या शिकारी कुत्र्यांची निपज जोपासली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळचाही समावेश होता. मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. सडपातळ बांध्याचा हा कुत्रा नजरेने सावज हेरून धावणारा आहे. त्याला मोकळी धाव लागते आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही. साखळीला बांधून ठेवण्यासाठी तो योग्य नव्हे. वस्तीवर कोंबड्या व शेळ्यांची करडे असतील, तर लहानपणापासून त्यांच्यात वावरण्याची सवय त्याला लावावी लागते. केवळ राखणीसाठी कुत्रा हवा असल्यास ओळखीच्या वस्तीवरील निरोगी गावठी मादीचे पिल्लूही तितकेच उपयोगी पडते. ते येथील हवापाण्याला व भाकरी-ताकाच्या आहाराला रुळलेले असते.

येण्यापूर्वीची तयारी

पिल्लू येण्याच्या निदान महिनाभर आधी जुन्या कुत्र्याला रेबीजची लस व शक्यतो डिस्टेंपर, पार्वो आदी रोगांची एकत्रित लस टोचून घ्यावी आणि जंतांचे औषध द्यावे. लसीची शक्ती अंगात उतरण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ही घाई आधीच करावयाची.

पिल्लासाठी जुन्या कुत्र्याच्या जागेपासून दूर, कोरडी व आडोशाची जागा निवडावी. गोठ्याचा रिकामा कोपरा किंवा पडवीचा कुडाने बंद केलेला भाग चालतो. खाली गोणपाट अंथरावे. या भागातील पावसाळा जोराचा असल्याने ओल वर येणार नाही, अशी व्यवस्था करावी. पिल्लाचे भांडे स्वतंत्र असावे. जुन्या कुत्र्याचे भांडे, पट्टा वा गोणपाट पिल्लाला देऊ नये.

पिल्लू दिसेल ते तोंडात धरते, हे ध्यानी घेऊन परिसर पाहावा. उंदरांचे औषध, फवारणीच्या औषधांचे डबे आणि युरियाची पोती उंचावर ठेवावीत. निपाणी भागात आणखी एका गोष्टीची काळजी घेणे अगत्याचे आहे. वाळत घातलेली तंबाखू, तिचा चुरा आणि बिडीची थोटके पिल्लाच्या पोटात गेल्यास निकोटिनची विषबाधा होते. लाळ गळणे, ओकाऱ्या, थरथर व झटके ही तिची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. कठडा नसलेली विहीरही पिल्लाच्या दृष्टीने धोक्याची असते.

पहिला पंधरवडा

नवे पिल्लू कितीही टुणटुणीत दिसले तरी पहिले दोन आठवडे त्याला जुन्या कुत्र्यापासून वेगळे ठेवावे. याचे कारण पार्वो हा रोग. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या या रोगात पिल्लाला ओकाऱ्या व रक्ताची हगवण लागते. उपचार न झाल्यास ते दोनतीन दिवसांतही दगावू शकते. रोगाचे विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे आठवडा, क्वचित दोन आठवडे जातात. ज्या अंगणात पूर्वी पिल्लू या रोगाने मेले असेल, तेथील मातीत विषाणू अनेक महिने टिकून राहतात. अशा जागी पूर्ण लसीकरण होईपर्यंत पिल्लू सोडू नये.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात एकत्रित लसीची पहिली मात्रा देतात. त्यानंतर तीनचार आठवड्यांच्या अंतराने, साधारणपणे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पुढील मात्रा द्यावयाच्या असतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचतात, पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे तिची पुढील मात्रा देतात आणि नंतर दरवर्षी ती टोचून घ्यावयाची असते. जंतांचे औषध तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. पिल्लांच्या पोटातील गोल कृमींची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून पिल्लाची विष्ठा रोज उचलून पुरावी आणि मुलांनी त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. गाईम्हशींवर वापरावयाचे गोचीडनाशक औषध अंदाजाने पिल्लाला लावू नये. त्याची तीव्रता पिल्लाला सोसत नाही.

हा पंधरवडा केवळ वाट पाहण्याचा नसतो. कुत्र्याची खरी ओळख वासाने होते. एकमेकांचे तोंड न पाहता दोघांची ओळख करून देण्याचे काम या दिवसांत व्हावे. चारपाच दिवस गेल्यावर पिल्लू खातेपिते व निरोगी दिसत असेल, तर स्वच्छ फडके त्याच्या अंगावर पुसून जुन्या कुत्र्याच्या खाण्याच्या वेळी जवळच ठेवावे. वास घेऊन तो शांत राहिला तर त्याला शाबासकी द्यावी व भाकरीचा तुकडा द्यावा. त्याच्या अंगाचे फडके पिल्लाच्या गोणपाटावर ठेवावे. भिंतीपलीकडून पिल्लाचा आवाज ऐकून काही दिवसांनी तो भुंकेनासा होतो. तो वास व तो आवाज घराचाच भाग आहे, हे त्याने मानू लागल्याचे ते चिन्ह होय.

पहिली भेट

पहिली भेट अंगणात घडवू नये. अंगण ही थोरल्याची हद्द आहे. घरापासून थोडे दूर, मोकाट कुत्री येत नाहीत अशा स्वच्छ बांधावर दोघांना न्यावे. दोन माणसे असावीत. जुना कुत्रा दोरीने धरलेला असावा, पण दोरी ताणलेली नसावी, कारण ताणलेल्या दोरीने कुत्र्याचा आवेश वाढतो. पिल्लाला हातावर उचलून नेऊन त्या ठिकाणी खाली ठेवावे. प्रथम दहापंधरा पावलांचे अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेने चालवावे. समोरासमोर आणू नये. अंतर हळूहळू कमी करावे. मग जुन्या कुत्र्याला पिल्लाचा मागच्या बाजूने वास घेऊ द्यावा. पाचसात मिनिटांत भेट संपवावी. दिवसातून दोनतीन वेळा अशा लहान भेटी घडवाव्यात. एकच लांब भेट घडविण्यापेक्षा हे अधिक हितावह असते.

या वेळी कुत्र्याच्या अंगाची भाषा वाचता आली पाहिजे. अंग सैल, शेपटी मध्यम उंचीवर मोकळी हलणारी, तोंड अर्धवट उघडे, मधूनच मान वळवून दुसरीकडे पाहणे, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करणे, ही मैत्रीची किंवा खेळाची चिन्हे आहेत. याउलट अंग ताठ, मानेवरील व पाठीवरील केस उभे, शेपटी उंच व ताठ, नजर पिल्लावर खिळलेली, ओठ वर खेचलेले, अशी चिन्हे दिसताच शांतपणे अंतर वाढवावे. आरडाओरडा करू नये. शेपटी हलते आहे म्हणजे कुत्रा खूष आहे, हा समज अपुरा आहे. ताठ शेपटी सावकाश हलत असेल तर ती धोक्याची सूचनाही असू शकते.

गुरगुरण्याबद्दल शिक्षा नको

जुना कुत्रा पिल्लावर गुरगुरला की त्याला काठी दाखविण्याची किंवा लाथ मारण्याची सवय सर्रास आढळते. ही सवय घातक आहे. गुरगुरणे ही सूचना आहे. ‘पुरे झाले, दूर हो’ एवढेच तो सांगत असतो. पिल्लू मागे सरले की प्रकरण मिटते. पुढे हवेतल्या हवेत दात वाजविले वा पंजाने दाबून धरले, तरी पिल्लाला जखम होत नसेल तर तो शिस्तीचाच भाग समजावा. गुरगुरल्याबद्दल मार बसलेला कुत्रा पुढे सूचना न देता एकदम चावू लागतो. शिवाय पिल्लू दिसले की मार बसतो, अशी गाठ त्याच्या मनात बसते आणि वैर पक्के होते.

मात्र जुना कुत्रा पिल्लाला धरून झटकू लागला, पिल्लू कळवळूनही सोडीत नसला किंवा टपून वाट पाहू लागला, तर दोघांना ताबडतोब वेगळे करावे आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडात हात घालू नये. मध्ये पाटी किंवा फळी घालून अथवा पाणी ओतून त्यांना सोडवावे. सुरुवातीचे काही आठवडे घरी कोणी नसताना दोघांना एकत्र मोकळे ठेवू नये.

मान व अन्न

घरात दुसरे मूल आले की पहिल्याची समजूत काढावी लागते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. येथेही तसेच आहे. अंगणात आल्यावर आधी थोरल्याला हाक मारावी, आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, भाकरी आधी त्याला घालावी. फेरी मारण्यास जाताना तो पुढे असावा. त्याची उंबऱ्याजवळची किंवा चुलीमागची निजण्याची जागा पिल्लाला देऊ नये. पिल्लू जवळ असताना आपल्याला कौतुक व खाऊ मिळतो, ते नसताना काही विशेष मिळत नाही, असे त्याच्या अनुभवास आले म्हणजे पिल्लू त्याला हवेसे वाटू लागते.

अन्न मात्र दोघांना वेगवेगळ्या जागी व एकाच वेळी द्यावे. बहुतेक भांडणे भांड्यावरून होतात. जेवण संपताच भांडी उचलून ठेवावीत. दोघांच्या आहारातही फरक असतो. पिल्लाला दिवसातून तीनचार वेळा थोडे थोडे, कुस्करलेली भाकरी किंवा भात, त्यात उकडलेले अंडे, शिजवलेली डाळ वा हाडे काढलेले मांस असे द्यावे. म्हाताऱ्या कुत्र्याला मऊ व पचण्यास हलके अन्न दोन वेळा पुरते. कांदा-लसणाचा रस्सा कालवलेली भाकरी दोघांनाही घालू नये, कारण कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून घशात वा आतड्यात रुततात, म्हणून तीही टाळावीत.

म्हाताऱ्या कुत्र्याला विश्रांतीची आवश्यकता असते. पिल्लाला चढता येणार नाही असा ओटा किंवा कट्टा त्याच्यासाठी राखून ठेवावा. पिल्लू स्वतःही दिवसाचा बहुतेक वेळ झोपते. ते झोपलेले असताना थोरल्याला मोकळीक मिळावी.

किती दिवस लागतात?

याला एकच उत्तर नाही. काही कुत्री आठवड्यात एकत्र निजू लागतात, काहींना महिना-दोन महिने लागतात. उदाहरणादाखल निपाणीजवळच्या एखाद्या मळ्यावरील नऊ वर्षांचा कुत्रा व दोन महिन्यांचे पिल्लू घेऊ. पहिले दोन आठवडे वेगळे राहण्यात जातील. तिसऱ्या आठवड्यात बांधावर भेटी होतील. चौथ्या आठवड्यात माणसाच्या देखत दोघे अंगणात वावरू लागतील. पाचव्या-सहाव्या आठवड्यात थोरला रात्रीच्या फेरीला निघाला की पिल्लू त्याच्या मागे धावू लागेल. तो थांबला की थांबेल, तो भुंकला की बारीक आवाजात साथ देईल. पिल्लू चारपाच महिन्यांचे झाल्यावर थोरला त्याचा पूर्वीइतका हूडपणा चालवून घेत नाही. या टप्प्यावर थोडी कुरबुर वाढते, तिने घाबरून जाऊ नये. मात्र वर्षभरानंतर पिल्लू अंगाने भरले आणि थोरल्याला जागेवरून हुसकू लागले, तर घरधन्याने आपले लक्ष व अन्न यांच्या व्यवस्थेने थोरल्याचा आधार टिकवावा.

मेंढपाळांच्या तांड्यात हेच शिक्षण वेगळ्या प्रकारे चालते. तेथे पिल्लाने थोरल्या कुत्र्याबरोबर मेंढरांनाही आपले मानले पाहिजे. त्यासाठी दोन ते चार महिन्यांच्या वयात ते वाघुरीजवळच वाढवावे. कोकरांशी दंगामस्ती करू लागल्यास वेळीच आवरावे. मेंढरू कापल्यावर यकृत-फुफ्फुसे कच्ची टाकू नयेत. त्यांत पाण्याच्या गाठी असतील, तर त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात लहान पट्टकृमी वाढतात व त्यांची अंडी माणसाच्या पोटात जाऊन यकृतात तशाच गाठी होतात. असे अवयव खोल पुरावेत.

लहान दातांचाही धोका

पिल्लू लहान आहे, त्याचे दात लागले तर काय होते, ही समजूत जीवघेणी ठरू शकते. रेबीज झालेल्या कुत्र्याने चावलेले पिल्लू काही आठवडे वरून निरोगी दिसू शकते. म्हणून वर सांगितलेला पंधरवडा पार्वोसाठी उपयोगी असला, तरी रेबीज नसल्याची खात्री त्याने होत नाही. पिल्लू कोठून आणले, त्याच्या आईला लस टोचली होती काय, त्याला कोणी कुत्रा चावला होता काय, ही चौकशी आणतानाच करावी.

कोणत्याही कुत्र्याचा किंवा पिल्लाचा दात लागला, ओरखडा आला किंवा जखमेवर लाळ लागली, तर ती जागा लगेच साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल किंवा झाडपाला लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी व ठरलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखम खोल असल्यास जखमेतच टोचावयाचे वेगळे औषध द्यावे लागते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, पण तो काय करतो हे पाहण्यासाठी लस लांबवू नये. पूर्वीच्या पोटातील चौदा सुयांची भीती आता निराधार आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस बंद होऊन बरीच वर्षे झाली आणि आजची लस दंडावर टोचतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण वाचत नाही, हे कटू सत्य कोणी विसरू नये.

शाळा व पंचायतींचे साहाय्य

या कामी शिक्षकांचा वाटा मोठा आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याला छेडू नये, अनोळखी कुत्रा जवळ आल्यास पळू नये, पिल्लाला कान वा पाय धरून उचलू नये आणि दात लागल्यास घरी लपवू नये, या चार गोष्टी प्रत्येक मुलाला पाठ असाव्यात. मार बसेल या भीतीने मुले चावा लपवितात आणि त्यातूनच अनर्थ ओढवतो. दरवर्षी २८ सप्टेंबर रोजी जागतिक रेबीज दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळेत यावर अर्धा तास दिल्यास तो सत्कारणी लागेल.

गावातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिल्यास कुत्र्यांमधील रेबीजचा फैलाव थांबतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. देशातून कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ साली जाहीर झाला. हे उद्दिष्ट वस्तीवस्तीवरील पाळीव कुत्र्यांच्या नोंदी व लसीकरण यांवाचून गाठता येणार नाही. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने वर्षातून एकदा शिबिर घ्यावे आणि ते यात्रेच्या किंवा ऊसतोडणीच्या गर्दीपूर्वी घ्यावे. बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो येथे एके काळी देवीची लस तयार होत असे. जो देवी रोग गावेच्या गावे उद्ध्वस्त करीत असे, तो जगातून नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली. लसीने काय साधते, याचा हा दाखला या जिल्ह्याच्या जवळचाच आहे.

थोरल्याचा शेवट

नवे पिल्लू राखणीला तयार झाले, म्हणजे जुन्या कुत्र्याचे काम संपले असे मानणारे लोक आहेत. महामार्गाच्या कडेला किंवा दूरच्या बाजारगावी सोडून दिलेला म्हातारा कुत्रा नव्या हद्दीत टिकत नाही. तेथील कुत्री त्याला फाडतात, किंवा तो उपासमारीने मरतो. भूक व तहान यांनी हाल होतील अशा रीतीने प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हाही आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. सामान्य शेतकऱ्याने समाधी बांधावी, अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु दोन वेळची मऊ भाकरी, थंडीत एक गोणपाट आणि उंबऱ्याजवळची त्याची नेहमीची जागा एवढे देणे कोणत्याही घराला परवडण्यासारखे आहे.

ज्या घरी थोरल्या कुत्र्याचा मान शेवटपर्यंत राहतो, त्या घरचे पिल्लू निर्भय व समजदार निपजते. ते मार खाऊन नव्हे, तर जाणत्याच्या मागे फिरून मोठे झालेले असते. नव्या पिल्लासाठी घरधन्याने खर्च करावयाचा तो मुख्यतः धीराचा. दीड-दोन महिन्यांची दक्षता, वेळेवर टोचलेली लस आणि आधी थोरल्याला मारलेली हाक एवढ्याने दहा-बारा वर्षांची राखण घराच्या पदरात पडते.